अकरा नंबरला समोरून हवा

३ मे, शनिवार

ध. एकदा, जिना चढताना. डॉक्टर म्हणाले धडधड झाली की लिहून ठेवा, म्हणून ही वही. वही उघडली की बाकीचंही लिहून होतं.

पहाटे साहेबांबरोबर गोल्फच्या मैदानावर, त्यांच्या काठ्यांची पिशवी माझ्या खांद्यावर. मी मुद्दाम हळू चालतो. उन्हाळ्यात सकाळी वारा नसतो, आठनंतर सुटतो. तेव्हा अकरा नंबरच्या होलला, जिथे तळ्यावरून मारावं लागतं, पोचायला जितका उशीर तितकं बरं. आज जमलं. तिथे गेलो तर पछुआ, पश्चिमेचा वारा, सुटलेला, खराखुरा. झेंडा बघून काही कळत नाही, तो झाडांच्या आडोशाला आहे. मी निलगिरीचे शेंडे बघतो. शेंडे आमच्याकडे वाकलेले, तळ्यावरच्या सुरकुत्याही आमच्याकडेच येत होत्या.

सगळ्यात लांब मारणारी लाकडी काठी काढून दिली. "साहेब, समोरून हवा आहे. जोर करू नका, जोरात मारलं की बॉल वर चढतो आणि तिथेच राहतो." साहेबांनी हळू मारलं. पार.

हिशेब असा. एरवी तिथे सात नंबरची काठी; नंबर जितका कमी तितका बॉल लांब. वाऱ्याचे दोन नंबर कमी, वयाचे दोन कमी, म्हणून लाकडी. वयाचे दोनही मी वाऱ्याच्याच नावावर घातले. आज तरी अर्धं खरं होतं.

६ मे, मंगळवार

ध. दोनदा. दोन्ही अकरा नंबरवर.

वारा अजिबात नाही. पलीकडचा झेंडा पाण्यात जसाच्या तसा दिसत होता. मी पाच नंबर दिला आणि म्हटलं, "वर हवा आहे साहेब. खाली कळत नाही." साहेबांनी शेंड्यांकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. पाच घेतला, पार गेला. माझ्या हातून पिशवीचा पट्टा निसटला.

दोन वर्षं झाली याला. बाईसाहेब वारल्यावर साहेबांची मुलगी, ताई, आली होती साहेबांना पुण्याला न्यायला. साहेब तिला माझ्यादेखत म्हणाले, "हवा नसताना सात नंबरने माझ्याच्याने अकराचं तळं पार झालं नाही, की त्याच दिवशी बांधाबांध करतो आणि मुकाट तुझ्याकडे येतो. तोवर विषय काढायचा नाही." ताई माझ्याकडे वळली. "तायडेकाका, तुम्ही साक्षीदार हं." मी हसून मान हलवली.

त्या हिवाळ्यात बॉल पाण्यात पडला. साहेब तिकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "समोरून हवा होती साहेब." बस्स. तेव्हापासून माझ्या सांगण्याप्रमाणे लखनौत वारा कधी पडलेलाच नाही.

९ मे, शुक्रवार

ताईचा फोन. महिन्यातून एकदा येतोच. "काका, बाबा खेळतात ना नीट? अकराचं तळं?" मी म्हटलं, "ताई, एकदम. काल-परवाच पार गेला." ती म्हणाली, "सातने?" मी म्हटलं, "हवा होती ना." ती हसली. "तुमच्याकडे फार हवा असते बाई!"

हसली ती सहज हसली की कशी? दुपारभर तेच डोक्यात. ध. एकदा.

१० मे, शनिवार

लिहावं की नाही. लिहितो.

नऊ नंबरच्या बाकावर साहेब बसले ते उठेनात. ओठ पांढरे. मी पाणी दिलं, टोपीने वारा घातला. पाय हातात घेऊन चोळले. किती वेळ गेला कळलं नाही, मला तर तासभर वाटला. मग म्हणाले, "काही नाही, उन्हाचं." ऊन अजून तापलं नव्हतं, जेमतेम सात वाजले होते.

"डॉक्टरांकडे जाऊ या साहेब."

"तायडे, ताईला सांगायचं नाही."

"नाही साहेब."

गोमती नगरला त्यांच्या घरापर्यंत सोडलं. लिफ्टने वर नेलं. चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो तर गॅसवर दुधाचं पातेलं जळून काळं झालेलं, बटण चालूच, सिलिंडर संपलेला. मी बटण बंद केलं, पातेलं घासून ठेवलं. तेही सांगितलं नाही कुणाला.

म्हणजे आता दोन्हीकडून भीती. मी खरं बोललो तर साहेब पुण्याला जातील. खोटं बोलत राहिलो आणि एखाद्या दिवशी दार उघडलंच नाही तर? दोष माझा, तो वारा माझ्या तोंडचा.

ध. मोजली नाही.

१३ मे, मंगळवार

मिश्राजी मुलाकडून कॅनडाहून परत आले. साहेबांच्याच हुद्द्याचे, मानक नगरला रेल्वेच्या कचेरीत दोघांचं टेबल समोरासमोर होतं. मी तिथेच खलाशी, म्हणजे हरकाम्या, तेव्हापासून दोघांचं भांडण ऐकतोय. आल्या आल्या मला म्हणाले, "अमां तायडे, अभी ज़िंदा हो? माशाल्ला, पिशवी तुम्हें उठाए है कि तुम पिशवी को?" 'पिशवी' हा शब्द त्यांनी साहेबांकडूनच उचललाय.

मग खिशातून एक यंत्र काढलं. काडेपेटीएवढं, वर छोटा पंखा. हवेत धरलं की पंखा फिरतो आणि काचेवर आकडा येतो. हवा किती, सगळं त्यात. मला धरायला दिलं. मी लगेच परत दिलं.

"रविवार को मैच हो जाए," मिश्राजी म्हणाले. "देखें नाईक साहब, आपके तायडे की हवा में और मेरी मशीन की हवा में कितना फ़र्क है."

साहेब म्हणाले, "हो जाए."

मी चप्पल शोधण्याचं निमित्त करून खाली बसलो.

१४ मे, बुधवार

हिला सगळं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही.

"म्हणजे त्या काठ्यांवरून एवढं?"

"काठ्यांवरून नाही गं."

"मग सांगून टाका साहेबांना."

"काय सांगू? की तुम्ही म्हातारे झालात, मी तुम्हाला लहान मुलासारखं खेळवत होतो?"

"तसं नका सांगू. हवा नाही एवढंच सांगा."

बायकांना सोपं वाटतं. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि साहेब गेल्यावर तुम्ही मंगळवारी, शुक्रवारी, शनिवारी घरात बसून माझं डोकं खाणार, ती भीती आहे का?" तीही आहे. साहेबांनीच मला भुसावळहून इथे आणलं. त्यांच्याशिवाय या शहरात मी कसा दिसेन, मला माहीत नाही.

१५ मे, गुरुवार

गुड्डीच्या मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज येतो. नात माझी, मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीच. विचारलं, रविवारी कसा आहे बघ.

"आजोबा, संडे को हवा नहीं है. चार किलोमीटर."

"चार म्हणजे किती?"

"मतलब ज़ीरो ही समझो. सुबह तो पत्ता नहीं हिलेगा."

संध्याकाळी परत विचारलं. रात्रीच्या जेवणाआधी परत. "आजोबा यार, आपके पूछने से बदलेगा क्या?"

१६ मे, शुक्रवार

आज साहेब आले नाहीत. फोनवर म्हणाले, रविवारसाठी ताकद राखून ठेवतो. मी तरी मैदानावर गेलो. साडेपाचपासून नऊपर्यंत अकरा नंबरला बसून वारा बघितला. चिमटीतून गवत सोडून बघितलं. आठपर्यंत गवत सरळ खाली. आठ वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा जरासं तिरकं पडलं. साडेआठला निलगिरी हलली.

म्हणजे रविवारी साडेआठच्या आत अकरा नंबर यायला नको. एवढंच माझ्या हातात.

१७ मे, शनिवार

गुड्डी: "तीन किलोमीटर." एक कमी झाला. ध. तीनदा. हिने ताक दिलं, प्यायलं गेलं नाही.

१८ मे, रविवार

आता दुपारचे दोन. बसून सगळं नीट लिहितो, नाहीतर उद्या मीच बदलून टाकीन.

पावणेसहाला सुरुवात. मी जमेल तेवढा उशीर केला. दोन नंबरला बुटाची नाडी, चारला पिशवीचा पट्टा, सहाला मिश्राजींचा बॉल झुडपात गेला तो मला लगेच दिसला, तरी बराच वेळ शोधला. मिश्राजी ओरडले, "तायडे, आज घुटने में मेहंदी लगी है क्या?" साहेब म्हणाले, "राहू दे हो मिश्राजी, त्याचं वय झालं." मिश्राजींना मराठी कळतं तेवढं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

नऊ नंबरच्या बाकावर साहेब बसले नाहीत. हात टेकून पुढे गेले.

अकरा नंबरला पोचलो तेव्हा आठला वीस मिनिटं कमी. एक पान हलत नव्हतं. तळ्यावर एक टिटवी उभी, खाली उलटी टिटवी.

मिश्राजींनी यंत्र काढून उंच धरलं. पंखा जागचा हलला नाही, काचेवर शून्य. "लीजिए जनाब. सिफ़र." आणि त्यांनी सात नंबरने मारलं. पार गेला. ते साहेबांहून पाच वर्षांनी लहान आहेत, हे इथे लिहून ठेवतो.

साहेब माझ्याजवळ आले. खाली वाकून चिमूटभर गवत उपटलं, सोडलं. गवत त्यांच्याच बुटांवर पडलं. ते बघत राहिले. मग विचारलं, "तायडे, हवा कशी आहे?"

मिश्राजी यंत्र पुढे करून म्हणाले, "अरे इससे पूछिए ना!"

"वो रखिए अपने पास," साहेब म्हणाले. "तायडे, तुला विचारतोय."

हात पिशवीत पाच नंबरवर गेला होता, आपोआप, दोन वर्षांची सवय. तोंडात तयार होतं, वर हवा आहे साहेब. मला पातेलं दिसलं. काळं, कितीही घासलं तरी तळाशी राहिलेलं.

मी म्हटलं, "हवा नाही साहेब."

असं म्हणून पाचवरचा हात काढला. सात नंबर काढायला पाहिजे होता, पण हात तिकडे जाईना. नुसता उभा राहिलो. साहेबांनी स्वतः पिशवीत हात घातला, मी त्यांचा कॅडी झाल्यापासून पहिल्यांदा. सातला हात लावला. थोडा वेळ तिथेच. मग पाच बाहेर काढला.

मिश्राजींनी बघितलं. ताईला दिलेला तो सात नंबरचा शब्द त्यांना ठाऊक आहे, सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला वाटलं आता टोमणा येणार. ते यंत्र खिशात घालत होते, पंखा खिशाच्या शिवणीत अडकला, तो सोडवण्यातच गुंतले.

साहेबांनी हळू मारलं, मी शिकवलं तसं. पार. मिश्राजींच्या बॉलच्याही पुढे.

"क्या बात है," मिश्राजी म्हणाले. एवढंच.

पुढचे सात होल तसेच उरकले. सामना कोणी जिंकला ते मला आठवत नाही, विचारायचं धाडस झालं नाही. गाडीत पिशवी ठेवताना मी म्हटलं, "साहेब, माझं चुकलं." काय चुकलं ते बोललो नाही. त्यांनी दार लावलं, काच खाली केली.

"संध्याकाळी किंवा उद्या ताईचा फोन येईल. मॅच कशी झाली विचारेल."

"काय सांगू साहेब?"

"तुला विचारेल ना ती. साक्षीदार तू आहेस."

आणि गेले. मंगळवारी ये म्हणाले नाहीत. नको येऊस असंही म्हणाले नाहीत.

ध. एकदाही नाही. हे विचित्र आहे म्हणून लिहिलं.

१८ मे, संध्याकाळ

फोन उशाशी ठेवलाय. आला नाही. ही म्हणते, जेवून घ्या, फोन काय ताट ओढून नेतो?

दोन वर्षं साहेबांना ठाऊक होतं का? असेल तर दर वेळी शेंड्यांकडे बघून गप्प का राहायचे? नसेल तर आज पाच का घेतला? दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्हीकडे बॉल पाण्यात पडतो.

१९ मे, सोमवार

ध. चारदा, दहा वाजेपर्यंत.

नऊपासून पछुआ असा सुटलाय की तेलीबागच्या बाजारातले ताडपत्र्यांचे आवाज घरात येतात. समोरच्या निंबाचा शेंडा पार वाकलाय. गच्चीवरचे कपडे हिने दोनदा गोळा केले. गुड्डी म्हणाली, "आजोबा, बाईस किलोमीटर! एक दिन लेट हो गई आपकी हवा."

असल्या वाऱ्यात मी साहेबांना लाकडीच दिली असती. कुणालाही दिली असती.

साडेदहाला साहेबांना फोन लावला. उचलला. नुसतं म्हणाले, "पातेलं तू घासलंस ना रे?" मी हो म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि ठेवून दिला.

आता फोन वाजतोय. ताई. एकदा वाजून बंद झाला, मी उचलला नाही. परत वाजतोय. ही स्वयंपाकघरातून ओरडतेय, "उचला ना हो!" 

उचलतो. ती आधी साहेबांची तब्येत विचारेल, मग तळं, मग हवा कशी होती ते. कालची, नसलेली, सांगायची की आजची, अजून ठरलं नाही.