लिफ्टसाठी केलेली खेळी

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय लिहून ठेवलेले बरे. ऑफिसात काम नव्हतं म्हणून ऑनलाइन कोर्स सुरू केला. गेम थिअरी. समोरचा काय करेल ते ओळखून आपण काय करायचं ते ठरवायचं, एवढंच शास्त्र. युती, आघाडी, ऐनवेळी उडी मारणारे नगरसेवक, सगळं यात बसतं. टीव्हीवर लोक उगाच ओरडतात. मला ओरडावंसं वाटत नाही. खरं तर बरेच दिवस काहीच वाटत नाही. शास्त्राला ते चांगलंच.

५ फेब्रुवारी, गुरुवार
आमची लिफ्ट दिवाळीपासून बंद. पाच मजले, वीस घरं. तळमजला आणि पहिला म्हणतो, आम्हाला लिफ्ट कशाला? दुसरा-तिसरा म्हणतो, ते खर्च देतील तर आम्ही देऊ. चौथा-पाचवा दम खात जिना चढतो. कोणीच हलत नाही. कोर्समध्ये याला इक्विलिब्रियम म्हणतात. अख्ख्या कळव्यात हे फक्त मला माहीत असावं.

आम्ही चौथ्यावर. बाबा ऐंशीचे, गुडघे गेलेत. पूर्वी रोज गेटजवळच्या बदामाखाली बाकावर बसायचे. आता ऑफिसला निघतो तेव्हा खिडकीत, परत येतो तेव्हा खिडकीत. दिवाळीनंतर एकदाच म्हणाले, अरे, खाली उतरवशील का रे मला? मी म्हटलं, बाबा, असले तात्पुरते उपाय नकोत. सिस्टीम बदलतो.

८ फेब्रुवारी, रविवार
सोसायटीच्या कमिटीवर एक जागा रिकामी. आमच्याकडे निवडणूक कधी होत नाही. चुकून दोन फॉर्म आलेच तर चार जण एकाच्या घरी जातात, चहा पितात, समजूत काढतात. तो मागे घेतो. बिनविरोध.

यंदा तळमजल्यावरच्या महेंद्रने फॉर्म भरला. गॅरेज आहे त्याचं. बोलणं कमी, म्हणजे विचारही कमी असणार. मीही भरला. लढायचं नाहीच. समजूत काढायला आले की लिफ्टची अट घालायची आणि मग मागे घ्यायचा. कोर्समध्ये असा खेळ आहे: दोन गाड्या समोरासमोर, आधी वळेल तो हरला.

फ्लॅट बाबांच्या नावावर, मी सहयोगी सभासद. बाबांनी सही दिली, विचारलं काहीच नाही. प्रीती म्हणाली, अहो, बाबांचं एक सांगायचं होतं. म्हटलं, निवडणूक होऊ दे, मग सांग.

१४ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी ५.४०
मागे घ्यायची मुदत सहापर्यंत. सकाळपासून चांगला शर्ट घालून बसलोय. आठ कप काढून ठेवलेत. कोणी आलं नाही. घाबरलेत. बाबा चारपासून सारखे घड्याळ बघतायत. त्यांनाही टेन्शन आलेलं दिसतंय.

५.५२
बेल. कुरिअर. तेही शेजारच्यांचं.

६.०५
समोरची गाडी वळलीच नाही. हरकत नाही. लढू.

१८ फेब्रुवारी, बुधवार
बाबांना बिल्डिंगमधलं सगळं ठाऊक असतं. वॉचमन बदलला, तिसऱ्या मजल्यावरच्या नयनचं लग्न ठरलं. खिडकीतून इतकं दिसतं? माझी निरीक्षणशक्ती त्यांच्याकडूनच आलेली. त्यांच्या पायजम्याला बदामाचं सुकलेलं पान चिकटलं होतं. चौथ्या मजल्यापर्यंत वारा येतो म्हणजे कमाल आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार
प्रचार. कोर्समधले दोन कैदी वेगवेगळ्या कोठडीत असतात, दुसरा काय बोलला ते एकाला कळत नाही. तेच तंत्र वापरलं. पहिल्या मजल्याला सांगितलं, खर्च वरचे देतील. पाचव्याला सांगितलं, सगळ्यांना सारखा लागेल. दोन्हीकडे माना डोलल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार
पहिल्या मजल्यावरच्या आवडाबाईंनी जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, काय रे, येड्यात काढतोस का आम्हाला? कोर्समधले कैदी एकमेकांना भेटत नाहीत. आमचे जिन्यात भेटतात. लिफ्ट बंद असल्यामुळे.

२८ फेब्रुवारी, शनिवार
अंदाज काढला. वीस मतं, माझी अकरा पक्की. अगदी वाईटात वाईट धरलं तरी एक आहेच. बाबा उतरू शकत नाहीत, त्यामुळे आमच्या घराचं मत मीच टाकणार. शून्य येणं गणिताने अशक्य. प्रीतीने परत बाबांचा विषय काढला. म्हटलं, उद्यानंतर.

१ मार्च, रविवार, सकाळी ११.३०
सकाळी नऊलाच स्टेशनजवळ पेढे आणायला गेलेलो. तिथून थेट मतदानाला. टेबलावर दुसऱ्या मजल्यावरचा विकी बसलेला. यादी बघून म्हणाला, काका, तुमच्या घरचं झालं ना. तुमचे बाबा दहाला येऊन टाकून गेले.

कसे आले म्हणून विचारलं. तो म्हणाला, कसे म्हणजे? रोज येतात तसेच. खुर्चीतून.

दुपारी १.१५
महेंद्र वीस. मी शून्य.

संध्याकाळी ६.३०
प्रीतीला विचारलं. म्हणाली, महिनाभर तेच तर सांगत होते. जानेवारीत महेंद्र वर आला, म्हणाला, काका, खाली यायचंय का? बाबा हो म्हणाले. एवढंच. तेव्हापासून रोज चारला प्लास्टिकची खुर्ची, उचलायला दोघं पुढे, दोघं मागे. शनिवार-रविवार बाबाच नको म्हणायचे. पोरगा घरी असतो, त्याला उगाच वाईट वाटेल.

खाली गेलो. आज रविवार असूनही बाबा बाकावर होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. विचारलं, बाबा, मत त्याला दिलंत? म्हणाले, अरे, तू लिफ्ट आणशील तेव्हा आणशील. मला रोज चार वाजता खाली यायचं असतं.

वाईट वाटलं. खूप वाटलं. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे.

पेढे होतेच, वाटले. महेंद्रने एक घेतला. बाबांना वर न्यायची वेळ झाली. म्हटलं, एक बाजू मी धरतो. त्याने मागची डावी दिली. पहिल्या मजल्यावरच मला धाप लागली. आवडाबाई दारातून बघत होत्या. बाबा म्हणाले, राहू दे रे, विकीला दे.

मी बाबांची काठी घेतली आणि त्यांच्या मागून वर आलो.