हिमनदीच्या तोंडाशी

प्रिय धाकट्या,

फोनवर मी रोज "जेवलास का, बाबांना गोळी दिलीस का" एवढंच विचारते आणि ठेवून देते, याचा तुला राग येतो ते मला कळतं. पण तू फोन घेतलास की बाबा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला लावतात. त्यांच्या कानावर काय पडेल या धास्तीने माझी जीभ उचलत नाही. म्हणून हे पत्र. ताईच्या ऑफिसातला चष्मेवाला या आठवड्यात तिकडे यायला निघतोय, त्याच्याकडे देते आहे. मला अजून थोडे दिवस लागतील. एकटा असशील तेव्हा वाच. बाबांना काय आणि किती सांगायचं ते मी आल्यावर माझं मी बघीन.

आधी इथलं सगळं सांगते. घर, जेवणखाण, माणसं, डोंगर. आई सहलीला गेल्यासारखं काय लिहीत बसलीय, असं तुझ्या मनात येईल. तरी मधलं सोडून पुढे पळू नकोस.

इथे यायचं तर शेवटचा टप्पा बसने यावं लागतं. बस दरीच्या कडेकडेने वर चढते आणि गावाच्या टोकाला एका लाकडी घरासमोर वळते, कारण पुढे रस्ताच नाही. तेच ताईचं घर, म्हणजे तिने ज्या घरात खोली घेतली होती ते. दारात बूट काढायचे आणि लोकरीच्या सपाता घालायच्या, नाहीतर घरमालकीण काही न बोलता तुमच्या पायांकडे बघत उभी राहते. आत भिंतीतच बांधलेली मोठी भट्टी आहे, सगळं घर तिच्याभोवती बसतं. आत शिरल्यावर खुंट्यांची रांग आहे, आणि तिथे ताईचा निळा कोट लटकत होता. बाईने तो हलवला नव्हता. मी आले त्या दिवशी तिने माझा कोट माझ्या हातातून घेतला आणि त्याच खुंटीवर, ताईच्या कोटावर टांगला. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. पण ते मला समजलं.

जेवणाचं सांगते, कारण खानावळीत उभं आयुष्य घालवलेल्या बाईला दुसरीच्या चुलीपाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. इथला पाव काळा आणि इतका कडक असतो की बाबांची कवळी पहिल्याच घासाला हात टेकेल. तो तसा खायचा नसतो हे मला दोन दिवसांनी कळलं. आंबूस दुधाच्या गरम सारात बुडवून ठेवायचा, मग त्याला चव येते. चीज धुरावर टांगलेलं असतं, पहिल्यांदा तोंडात घातलं तेव्हा जळकं फडकं चावल्यासारखं वाटलं, आता दुपारी त्याची आठवण येते. मीठ कमी घालतात, मसाला जवळजवळ नाहीच, पण हाडं, साली, शिळा पाव, काही म्हणजे काही टाकत नाहीत. बाईचा हात चांगला आहे. आपल्याकडे असती तर मी तिला पळवून आणलं असतं.

पहिले काही दिवस माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. ह्या घराचा एक नियम आहे, शेवटच्या माणसाचं ताट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. मी सारात चमचा घालून बसून राहायचे आणि ती समोर हात बांधून बसून राहायची. सार गार व्हायचं, वर साय धरायची. ती उठून ते पुन्हा गरम करून आणायची आणि पुन्हा बसायची. मला तिचा संताप आला. एकदा मी उठून तिच्या हातातली सुरी घेतली आणि बटाटे सोलायला बसले, निदान तिने माझ्या तोंडाकडे बघू नये म्हणून. त्या दिवशी मी जेवले. मग रोज मीच बटाटे सोलते. तिने मला पाणी, मीठ, गरम, उद्या, असे चार शब्द शिकवले. "पुरे" हा शब्द मी आपणहून शिकले, कारण ती वाढताना हात आवरत नाही.

आता ज्यासाठी लोक लांबून इथे येतात ते सांगते. गावातली नदी पांढरी आहे, अगदी दुधात पाणी घातल्यासारखी. ताई फोनवर सांगायची आणि आपण दोघं हसायचो, आठवतं? ते खरं आहे. वरचा बर्फ सरकताना खालचा दगड जात्यासारखा दळत येतो, आणि ते दगडाचं पीठ पाण्यात उतरतं. त्याच पाण्याचं पुढे तळं होतं, त्याचा रंग मी कुठल्या साडीत पाहिलेला नाही. हिमनदी म्हणजे मला वाटलं होतं पांढरीशुभ्र काहीतरी असेल. खालून ती मळकी दिसते, रस्त्याकडेला खडीचे ढीग टाकावेत तशी. वर गेलं की हत्तीएवढे दगड बर्फाच्या एका पायावर टेबलासारखे उभे असतात, कारण भोवतालचा बर्फ उन्हाने वितळतो आणि दगडाच्या सावलीतला तेवढा राहतो. एके ठिकाणी अख्खा ओढा वाहत येऊन बर्फातल्या भोकात नाहीसा होतो. आणि भेगांच्या आत निळं असतं. तसं निळं मी कधी पाहिलं नाही. मधूनच आतून आवाज येतो, जाड फळी मोडल्यासारखा, आणि मग पुन्हा सगळं गप्प. सांगायला जिवावर येतं, पण फार सुंदर आहे रे. ते मला सुंदर दिसू नये म्हणून मी खूप धडपडले. नाही जमलं.

ताई त्या बर्फात लांब काठ्या पुरायची. वाफेच्या नळीने खोल भोक पाडायचं, काठी सोडायची, आणि पुढच्या वर्षी येऊन ती किती सरकली, किती उघडी पडली ते बघायचं. बर्फ कुठे किती वेगाने चाललाय ते त्यावरून कळतं. तिच्याबरोबर दोरवाला असायचा, इथलाच, तुझ्यापेक्षा थोडा मोठा. दोघं एका दोराला बांधलेले असायचे. त्या दिवशी एक काठी वाकली होती आणि तिथवर दोर पुरेना, म्हणून तिने तो कमरेचा सोडला. चारच पावलं जायचं होतं. वरून ताजा बर्फ होता, खाली भेग आहे हे दिसत नव्हतं.

हे मला दोरवाल्याने स्वतः सांगितलं. स्वयंपाकघरात समोर बसून, टेबलाकडे बघत. चष्मेवाला एकेक वाक्य आपल्या भाषेत आणत होता. भेग खाली निमुळती होत जाते, माणूस पाचरीसारखा अडकतो. ती बोलत होती. म्हणाली, मी ठीक आहे, हात वर निघत नाहीत. त्याने दोर खाली सोडला, दोर तिच्या खांद्यापर्यंत पोचला, पण तिला धरता येईना. तो खाली उतरला, जितकं उतरता आलं तितकं, कड ढासळायला लागली तेव्हा तीच त्याला म्हणाली, पुढे येऊ नकोस. अंगाच्या उबेने बर्फ वितळतो, धाकट्या, आणि माणूस आणखी खाली सरकतो. मदत येईपर्यंत तो तिच्याशी बोलत राहिला. शेवटी शेवटी ती आपल्या भाषेत बोलायला लागली आणि त्याला काही कळेना. काय म्हणत होती, मी विचारलं. त्याने डोळे मिटून, आठवून आठवून दोन-तीन आवाज काढले. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मला त्यातलं काहीच ओळखता आलं नाही.

"मी नको म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. "दोर सोडू नको म्हणून. म्हटलं नाही." मी त्याला माफ केलं असं समजू नकोस. माफ करण्यासारखं काही त्याच्या हातून घडलं की नाही, हेच मला अजून कळत नाही. मी उठले आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं, कारण जेवणाची वेळ झाली होती आणि दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

आणि आता तुला जे फोनवर खोटं सांगितलं ते. "त्यांनी शोध थांबवला" असं मी म्हणाले होते. त्यांनी थांबवला नाही. मी इथे पोचले तेव्हा शोध घेणारी माणसं दोनदा भेगेत उतरून आली होती. त्यांना तिचा हातमोजा मिळाला. एकाचं मनगट मोडलं. काही दिवसांनी त्यांचा मुख्य माझ्याकडे आला आणि म्हणाला, भेगेच्या भिंती हलताहेत, ती आता कुठवर खाली गेली असेल सांगता येत नाही, पण तुम्ही म्हणत असाल तर आणखी एकदा उतरू. दोरवाला तयारच होता, पट्टे बांधून उभा. त्याची बायको दाराशी उभी होती. तिच्या हातात त्याचे ओले मोजे होते आणि ती ते पिळत होती, पुन्हा पुन्हा, त्यातलं पाणी कधीच संपलं होतं तरी. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, तिने माझ्याकडे बघावं, काहीतरी म्हणावं, भांडावं, म्हणजे मला "उतरा" म्हणता येईल. ती मोजेच पिळत राहिली. मी म्हटलं, "पुरे." त्यांच्याच भाषेत म्हटलं, म्हणजे मध्ये कुणाला बोलायला नको.

मी निघताना तू मला म्हणाला होतास, "आई, तिला घेऊनच ये." बाबांना सोडून तुला येता येत नव्हतं, म्हणून ते सगळं तू माझ्या अंगावर टाकलंस आणि मी ते घेऊन आले. इथे रोज ते माझ्या कानात वाजायचं. तरी माझ्या लेकीसाठी दुसरीच्या नवऱ्याला त्या भेगेत उतरवणं माझ्याच्याने झालं नाही. ती तेव्हा जिवंत नव्हती, हे मला माहीत होतं. असती तर मी त्या बाईकडे न बघता सगळ्यांना आत ढकललं असतं, हेही तुला सांगून ठेवते. तुझी आई काही संत नाही.

त्यानंतर मी खोलीबाहेर पडेना. तेव्हा घरमालकीण मला हिमनदीच्या तोंडाशी घेऊन गेली. बर्फ जिथे संपतो आणि पांढरी नदी जिथून सुरू होते त्या जागेला इथे तोंड म्हणतात. चष्मेवाला बरोबर होता. तिथे चिखलात कसल्या कसल्या वस्तू पडलेल्या असतात, शिडीचा तुकडा, पत्र्याचा डबा, खेचराचं हाड. वर कधीकाळी बर्फात गेलेलं सगळं इथे बाहेर येतं. बाईने एका दगडाकडे बोट केलं आणि बोलायला लागली. ती लहान होती, फ्रॉकातली, तेव्हा तिचा मोठा भाऊ शिकारीला म्हणून वर गेला आणि आला नाही. तिची आई वाट बघत गेली, वडील गेले, हिचं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले. मग एका उन्हाळ्यात एक मेंढपाळ तिला बोलवायला आला. त्या दगडापाशी तिचा भाऊ होता. "सगळा नव्हता," ती म्हणाली. "पण जेवढा होता तेवढा तरुण होता. माझ्या नातवापेक्षा लहान." गावात त्याला ओळखणारी ती एकटीच उरली होती. ती आली नसती तर त्याला कुठल्याशा खोक्यात घालून वर आकडा टाकला असता. हे सांगताना ती रडली नाही. चष्मेवाला मात्र मध्येच थांबला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

परत येताना मी त्याला सरळ विचारलं, ताई कधी येईल. तो चष्मा काढून पुसायला लागला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "काकू, हिशोब करता येतो. पण तो तिच्याच काठ्यांवरून करावा लागेल." कर म्हटलं. तो दिवसभर खोलीत बसला आणि संध्याकाळी खाली आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, चाळीसेक वर्षं. कदाचित कमी, कारण हल्ली बर्फ घाईत आहे.

चाळीस वर्षं आमच्याकडे नाहीत, धाकट्या. बाबांकडे नाहीत, माझ्याकडे नाहीत, ह्या घरमालकिणीकडे तर नाहीतच. तुझ्याकडे आहेत. त्यासाठी हे पत्र. तुला लगेच ये म्हणत नाही, आत्ता येऊन इथे काही नाही. पण इथल्या कचेरीत मी तुझं नाव आणि पत्ता देऊन आले आहे. घर बदललंस की त्यांना कळवत जा, आणि तुला मुलं झाली की त्यांनाही हे सांगून ठेव. कधीतरी निरोप येईल. तेव्हा मी नसेन, कुणाला विचारावं तेही तुला कळणार नाही, म्हणून इथली बस, इथला पाव, इथली माणसं, सगळं आत्ताच लिहून ठेवलं, म्हणजे तू परक्या ठिकाणी गेल्यासारखा जाणार नाहीस. गुडघे दुखत असले तरी जा. जे येईल ते सगळं बघण्यासारखं नसेल. नाही बघवलं तर बघू नकोस, नुसता जवळ उभा राहा. तू सत्तरीच्या घरात असशील, केस पांढरे, कदाचित काठी टेकत. आणि ती तशीच असेल, तिशीतली. तिला तिच्या नावाने हाक मारू नकोस हं, ताईच म्हण. लोक बघतील, हा म्हातारा एवढ्या तरुण मुलीला ताई काय म्हणतोय. बघू देत.

तुझीच,
आई