काफ वगळून

२ सप्टेंबर

लेकीचं, नरमीनचं लग्न ठरलं. वीस नोव्हेंबर, गुरुवार, कौकब हॉल. मुलगा अकरम शौकत अल-किलानी, पुलांचा इंजिनियर. बरा आहे. फार बोलत नाही. भेंडीची भाजी दोनदा घेतली.

दोन्ही घरच्या मंडळींसमोर जाहीर करून टाकलं: पत्रिका माझ्या स्वतःच्या टाइपात छापली जाईल. माझ्या नावाचा ‘रिफअत’ टाइप, छपाईसाठी मीच घडवलेली अक्षरं. कैरोत पहिल्यांदा. टाळ्या थांबल्यावर इनआम म्हणाली, पूर्ण झाला का तो? नवऱ्याला चारचौघांत विचारायचे प्रश्न वेगळे असतात, हे तिला तीस वर्षांत समजलेलं नाही.

झालाच आहे. अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांपैकी सत्तावीस तयार. राहिला फक्त काफ, म्हणजे ‘क’.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून काफ. चहा नंतर.

३ सप्टेंबर

उठायला उशीर. चहा आधी घेतला. रिकाम्या पोटी बोरू तासू नये, बोट कापतं.

काफाचं सगळं वैभव त्याच्या डोक्यावरच्या लांब तिरक्या रेघेत. ती एका श्वासात यावी लागते. मध्ये थांबलात की काफ मेला. आज मध्येच थांबावं लागलं. टेबल हलतं. एका पायाखाली पुठ्ठा घातला.

८ सप्टेंबर

नरमीनने ऑफिसातून आल्यावर माझी पानं स्कॅन केली. टाइपाचं कॉम्प्युटरचं काम तीच करते, कॉलेजात होती तेव्हापासून. मी काढतो, ती चढवते, मी नापसंत करतो. उत्तम चाललंय.

म्हणाली, बाबा, आपल्या गल्लीतल्या एकूण एक मुलीच्या पत्रिकेवर तुमचं अक्षर आहे. शाई वाळेपर्यंत मी पत्रिका हातात धरून उभी असायचे. आता मला माझी हवी. बाकी काही मागत नाही.

मी म्हणालो, बाळ, त्या हाताने लिहिलेल्या होत्या. तुझी टाइपातली असेल. हातचं काय, ते कुणालाही मिळतं.

इनआम आतून ओरडली, मग कुणालाही मिळतं तेच दे की तिला! एका दुपारचं काम आहे!

स्वयंपाकघरात जाऊन तिला हस्ताक्षर आणि टाइप यांतला फरक समजावून सांगितला. ती लसूण ठेचत राहिली. समजलं असावं.

१५ सप्टेंबर

काफ नाही. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन लावतात, जमीन हादरते. वर जाऊन तक्रार केली. बाई म्हणाली, उस्ताद, मशीन महिनाभर बंद पडलंय, दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतोय. मग पाइप असतील.

यंदाचे बोरूही भिकार.

२२ सप्टेंबर

शौकतसाहेबांचा, म्हणजे व्याह्यांचा, फोन. पत्रिका कधी? छापखानेवाला विचारतोय. मी म्हणालो, कलेला वेळ लागतो. ते म्हणाले, उस्ताद, कलेला लागू दे, पण माझ्या बहिणीला अस्वानहून गाडीचं तिकीट काढायचंय. वर सुचवतात काय, तर तोवर तो वगदीचा टाइप वापरू, छान दिसतो.

वगदी! मी वर्तमानपत्रात मथळे लिहीत होतो तेव्हा हा पोरगा माझी शाई ढवळायचा. बोरू तासायला मी शिकवलं. संगणक आले, मथळे लिहिणारे घरी गेले, आणि हा शहाणा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. चार महिन्यांत टाइप केला. चार महिन्यांत लिंबाचं लोणचं मुरत नाही! आता दुधाच्या पिशवीवर वगदी, दवाखान्याच्या पाटीवर वगदी, कोण मेलं हे कळतं तेही वगदीत. आणि काफ? लंगडा उंट.

व्याह्यांना स्पष्ट सांगितलं, माझ्या हयातीत नाही. ते म्हणाले, देव आपल्याला उदंड आयुष्य देवो, पण लग्न नोव्हेंबरात आहे.

३० सप्टेंबर

आज दुपारी अचानक सगळं स्वच्छ दिसलं. अडचण माझी नाहीच.

रिफअत. इनआम. नरमीन. आमच्या घरात एकाच्याही नावात काफ नाही. तिकडे? अकरम, एक. शौकत, दोन. किलानी, तीन. हॉल कौकब, त्यात एकट्यात दोन! हे स्थळ काफांनी बुजबुजलेलं आहे. पाहायला गेलो तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

उपाय: काफ वगळून पत्रिका. उद्या मजकूर.

३ ऑक्टोबर

मजकूर जमतोय. हॉल बदलावा, ‘नूर’ सुटसुटीत आहे. अकरमला जेवायला बोलावलं आणि सहज विचारलं, घरी तुला काय म्हणतात? कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, मीमो. मीमो! एकही काफ नाही! मी म्हणालो, मग पत्रिकेवर तेच टाकू. तो नरमीनकडे बघायला लागला. नरमीन ताटाकडे.

बाकी अडचण किरकोळ. ‘आपल्याला’, ‘आपली’, ‘आपण’, काहीही म्हणा, आमच्या भाषेत शेवटी काफ येतोच. ‘मुबारक’मध्येही येतो. तेवढं गाळलं. आता असं आहे: ‘नरमीन आणि मीमो यांचा विवाह गुरुवारी आहे.’ आटोपशीर. भारदस्त.

इनआमने वाचलं. म्हणाली, रिफअत, हे आमंत्रण नाही, मयताची बातमी आहे. यात कुणी यावं असं कुठे लिहिलंय? मी म्हणालो, ज्याला यायचं त्याला कळतं. ती म्हणाली, हो, मांजरालाही कळतं.

नरमीन न जेवता उठली. डाएट असेल. लग्नाआधी मुली करतात.

९ ऑक्टोबर

‘मीमो’ लिहिताना लक्षात आलं, माझ्या मीमचा, म्हणजे ‘म’चा, गोल डोळा बारीक आहे. मीम परत घेतला. मीम बदलला की वाव बदलावा लागतो. वावामागून फे. तयार अक्षरं आता चोवीस. पण पाया पक्का होतोय.

नरमीन म्हणाली, बाबा, हॉल बदलणार नाही, आगाऊ रक्कम भरलीय. अकरमही बदलणार नाही. तुम्ही काफ काढा. वाईट असला तरी चालेल.

वाईट असला तरी! माझ्या पोटची मुलगी!

१७ ऑक्टोबर

वगदी घरी आला. नरमीननेच बोलावलेला. बसबुसा मिठाईचं खोकं घेऊन. पोट सुटलंय. माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं, ‘माझे उस्ताद, माझे उस्ताद’ चाललेलं. इनआमने त्याला कहवा दिला, मला आठवड्यातून एकदा मिळतो तसला.

मी थेट विषयाला हात घातला. म्हणालो, वगदी, तुझा काफ लंगडा आहे. तो हसला. म्हणाला, उस्ताद, तो तुमचाच आहे. नव्या पुलाच्या उद्घाटनाचा मथळा आठवतो? छपाई थांबवून ठेवली होती, संपादक डोक्यावर उभा, तुम्ही एका फटक्यात लिहिलंत. ते छापलेलं पान मी घरी नेलं. काफ त्यावरून उतरवला. टाइपाच्या माहितीत पहिल्या ओळीत तुमचं नाव घातलंय. तुम्हाला पत्र लिहिलं होतं, उत्तर नाही आलं.

त्याला म्हणालो, उतरवताना बिघडवलास. तो म्हणाला, हो उस्ताद, बिघडवलाच असणार.

उर्मट आहे. बसबुसा बरा होता.

१८ ऑक्टोबर

माळ्यावरच्या ट्रंकेत त्या पुलाच्या मथळ्याचा मूळ कागद सापडला. खिडकीशी नेऊन बघितला.

काफ आहे. म्हणजे, काफ आहे! डोक्यावरची रेघ वरून सुटली ती थेट तळाशी, कुठे अडली नाही. तेव्हा मला नीट येत होतं असं म्हणायला हरकत नाही.

नरमीन नाचायचीच बाकी. बाबा, हाच चढवते! तुमचाच आहे ना? मीम, वाव, फेसुद्धा जुनेच राहू द्या, आज स्कॅन करते, सोमवारी छापखान्यात! गळ्यातच पडली. लहानपणी पडायची तशी.

मी म्हणालो, सोमवार कशाला, आणखी दोन दिवस दे. टोकाशी शाई किंचित पसरलीय. तेवढं सुधारतो.

इनआम म्हणाली, रिफअत, हात लावू नकोस. नरमीन म्हणाली, बाबा, नका. आधी स्कॅन तरी करू द्या. मी म्हणालो, चुकलेला स्कॅन करून काय उपयोग?

२० ऑक्टोबर

टोकाला पांढरा रंग लावला. बरोबर बसला. पण मग बाजूची कड जाड वाटायला लागली. तिथे पांढरा. मग रेघ बारीक झाली म्हणून वरून काळी फिरवली. पुठ्ठा काढून टेबल भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तरी हललं.

२१ ऑक्टोबर

कागद जुना होता. कागदाचा दर्जाच त्या काळी वाईट. ओल धरली आणि मध्यावर भोक पडलं.

नरमीनला सांगितलं. तिने कागद हातात घेतला, उजेडात धरला, भोकातून खिडकी दिसत होती. मी म्हणालो, आता तरी कळलं ना, जुन्यावर विसंबून चालत नाही. नवा काढतो. ती म्हणाली, हो बाबा.

२९ ऑक्टोबर

नरमीन हल्ली काफाबद्दल विचारत नाही. विश्वास बसलेला दिसतो.

आज दौतीत नवी शाई. जास्तच पातळ. इनआमने चहाचा पेला अर्धाच भरून दिला. विचारलं, अर्धाच का? म्हणाली, बशीत सांडतोस. हल्ली पेले उथळच बनवतात.

दुपारभर नुसता बसून राहिलो. कंटाळा नाही. तयारी.

६ नोव्हेंबर

कहवाखान्यात डॉमिनो खेळत होतो. फोन वाजला. एक चित्र आलं. वर फुलांची वेल, खाली: ‘आपल्या येण्याने आमचा आनंद वाढेल. उस्ताद रिफअत व कुटुंबीय.’ नरमीन आणि अकरम. कौकब हॉल. सगळे काफ जागच्या जागी. वगदी टाइप.

माझ्याच मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मला आलं. यादीतल्या सगळ्या नंबरांना एकदम पाठवताना माझाही गेला असणार. समोर बसलेला मुस्तकावी न्हावी, त्याच्याही फोनवर तेच आलं. भिंगासारखा फोन डोळ्याशी नेऊन म्हणाला, वा उस्ताद, अक्षर ओळखलं हां मी! हाताची गोष्टच वेगळी!

त्याला काय सांगणार. म्हणालो, धन्यवाद.

घरी आल्यावर नरमीन दारातच उभी. म्हणाली, रागावलात? मी म्हणालो, छे, ही तात्पुरती. मूळ पत्रिका तयार झाली की सगळ्यांना ठेवायला देऊ. ती म्हणाली, देऊ. मग माझ्या बोटांवरची शाई ओल्या फडक्याने पुसत बसली, एकेक बोट, जणू मीच कुठे निघालोय.

२० नोव्हेंबर

झालं लग्न.

काझी तरुण, घाईतला, त्याला पुढे अजून एक लग्न. रिवाजाप्रमाणे अकरमचा हात माझ्या हातात दिला, वर पांढरा रुमाल टाकला. अकरमने हात घट्ट धरला. रुमालाखाली काय ते त्यालाच कळलं असेल. शेवटपर्यंत हात सोडला नाही. मुलगा चांगला आहे.

मग सह्या. वधूच्या वडिलांनी इथे, काझी म्हणाला. मी पेन घेतलं. हॉलचं स्वस्त बॉलपेन, त्याने काय लिहिणार. मान वाकवली, श्वास धरला. मागे शौकतसाहेबांची अस्वानची बहीण फोनवर चित्रण करत होती. ‘रिफअत’चा रे ठेवला. रे कुठेतरी गेला. दुसऱ्या प्रतीवरही गेला. काझी वाकून बघायला लागला. म्हणाला, उस्ताद, कोर्टात हे वाचता येणार नाही हो.

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, अरे, आख्ख्या शुब्रा भागातल्या पाट्या यांनी लिहिल्यात! काझी म्हणाला, असतील, पण इथे वाचता यायला हवं.

नरमीन घागरा सावरत माझ्या खुर्चीशी खाली बसली. इतक्या हळू बोलली की मलाच ऐकू आलं. बाबा, अंगठा द्या. चालतो.

तिने माझा अंगठा शाईच्या गादीवर ठेवला, दाबला, उचलला, कागदावर नेला. पुन्हा दुसऱ्या प्रतीवर. माझा हात तिच्या हातात होता, मला काहीच करावं लागलं नाही. मग बायका आनंदाने ओरडायला लागल्या, ढोल सुरू झाला, आणि ती उठून गेली.

गर्दी पांगेपर्यंत मी कागदाशी थांबलो. ठसा नीट बघून घेतला. मधोमध एक भोवरा, भोवती बारीक वळणं, एकात एक, कडेपर्यंत गेलेली. एकही रेघ थरथरलेली नाही.