चौदा दिवसांचा मुक्काम

प्रिय विनीताई,

विल्फनं जिथं डोळे मिटले, त्या काठावरून काल बोट हलवली. एका जागी चौदा दिवसांच्या वर बोट बांधता येत नाही ना. शेगडीला कोळसा भरपूर आहे, जेवतेही वेळेवर. काळजी करू नकोस.

बोटीवरच्या आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात, कालव्यात बोट वर-खाली करणाऱ्या हौदांचे दरवाजे मी उघडायचे आणि बोट त्यानं आत आणायची. कालही बोट काठाला लावून उतरले, दार उघडलं आणि सवयीनं मागं ओरडले, "झोपलास का? आण की आत."

सुकाणूपाशी कोणी नव्हतं. मग दोरानं ओढत आणली.

भाऊजींचा गुडघा कसा आहे?

त्या चौदा दिवसांच्या नियमाला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या. तो नसता तर मी त्या काठावरून हललेच नसते गं.

तुझी धाकटी,
हेस्टर