दादाचं गॅरेज माझ्या हातात

शनिवार, ४ मे
आजपासून दादाचं गॅरेज मी हातात घेतलं. वहिनींनी सांगितलं नव्हतं, पण घरच्या माणसाने सांगायची वाट बघू नये. दादा हिवाळ्यात गेला आणि गॅरेज अजून तसंच. टेबलावर उघडलेला पंखा. नटबोल्टचे पाने खिडकीत. पटाश्या बिस्किटाच्या डब्यात. करवत दारामागे. अख्ख्या गल्लीची मोडकीतोडकी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, पण आवराआवरीच्या नावाने शून्य. तो असताना मी हे त्याला अनेकदा सांगितलं. तो मला चहा सांगायला आत पाठवायचा.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आठवण म्हणून एखादी वस्तू हवी तर न्या. बाकी इतक्यात काही हलवू नका."

म्हणजे घाईने हलवू नका. पद्धतशीर हलवा.

रविवार, ५ मे
पुतणीचा फोन. आईने घर विकून आपल्याकडे राहायला यावं, हे तिचं जुनंच टुमणं. वहिनींचं उत्तरही ठरलेलं: "यांचं गॅरेज टाकून मी कुठे येऊ गं?"

यावरूनच सुचलं. गॅरेज इतकं देखणं करायचं, की वहिनींना घर सोडायची इच्छाच होऊ नये. शिवाय एकट्या बाईच्या सोबतीला घरात कुणी पुरुष असलेला बरा.

माझ्या खोलीचा मालक महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणतोय. त्याचा याच्याशी संबंध नाही.

मंगळवार, ७ मे
तीन तास व्हिडिओ पाहिले. गॅरेज कसं लावावं यावर एक टक्कल पडलेला गृहस्थ फार सुंदर बोलतो. "प्रत्येक वस्तूला तिचं घर द्या," म्हणतो. डोळ्यांत पाणी आलं. हुक, बरण्या, भोकांचा बोर्ड आणि लेबलं आणली.

बुधवार, ८ मे
सगळं सामान जमिनीवर काढलं. पाय ठेवायला जागा नाही. ही पहिली पायरीच आहे. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच आत गेल्या. भारावल्या असाव्यात.

गुरुवार, ९ मे
बोर्ड ठोकला. प्रत्येक हत्याराभोवती काळ्या मार्करने रेघ ओढली, म्हणजे काय कुठलं ते लगेच कळावं. मग जेवायला गेलो. आल्यावर कुठली रेघ कशाची ते कळेना. कानशी सगळ्या सारख्याच दिसतात. तूर्त रंगाप्रमाणे लावलंय. लाल मुठी डावीकडे, पिवळ्या उजवीकडे. लांबून बघितलं तर डोळे निवतात.

शनिवार, ११ मे
खास कल्पना. बरण्यांची झाकणं फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने पक्की करायची आणि खिळे-स्क्रू भरलेल्या बरण्या खालून फिरवून बसवायच्या. एका हाताने बरणी उघडते. दादाला आयुष्यात सुचलं नाही.

कपाटात वर एक खोका सापडला. मी दादाला वेळोवेळी दिलेल्या भेटी. ड्रिलचा सेट, टॉर्चवाला स्क्रूड्रायव्हर, चुंबकाचा पट्टा. एकाचंही सील तोडलेलं नाही. इतकं जपून ठेवलं होतं! आम्हा भावांत बोलणं कमी, पण माया होती.

रविवार, १२ मे
फळी पडली. वजनाचा हिशेब बरोबर होता, भिंत कच्ची निघाली. खिळे, स्क्रू, वायसर आणि काचा, सगळं एक झालं. एका मोठ्या बादलीत भरून ठेवलं. आता शोधायची जागा एकच. त्या दृष्टीने सुधारणाच.

मंगळवार, १४ मे
भंगारवाला येऊन गेला. उघडलेला पंखा दिला, बिस्किटाचे डबे दिले, टेबलाजवळचं लाकडी स्टूलही दिलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारून दादा वर्षानुवर्षं बसायचा. स्वतःच्या स्टुलाचा पाय ज्याला नीट करता आला नाही, त्याला गल्ली कारागीर म्हणायची. असो. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये.

बुधवार, १५ मे
सकाळी वहिनींच्या ओट्याचा नळ गळायला लागला. त्या सरळ गॅरेजमध्ये आल्या, न बघता खिडकीकडे हात नेला. तिथे आता लेबलांचं मशीन असतं. म्हणाल्या, "मोठा पाना इथेच असायचा हो." मी समजावलं, आता असं हात घालून मिळत नाही, पद्धत असते. पाना निळ्या मुठीचा, म्हणजे मधल्या रांगेत. मधल्या रांगेत नव्हता. तासभर शोधला. तोवर त्यांनी स्वयंपाकघरातल्या कात्रीने नळ पिळायचा प्रयत्न केला आणि तळहात कापून घेतला. चार टाके पडले. लोकांना नव्या व्यवस्थेची सवय व्हायला वेळ लागतो.

हाताला पट्टी बांधून परत आल्या, बसायला म्हणून मागे वळल्या आणि म्हणाल्या, "स्टूल कुठाय?"

सांगितलं.

"पंखा?"

तेही सांगितलं.

"शेजारच्या म्हातारबांचा होता तो. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळपर्यंत हे त्याच्याच दुरुस्तीला बसले होते."

मग त्या टेबलाला टेकल्या, स्टूल असायचं तिथे बघत. मोकळ्या जागेचा माणसाच्या मनावर परिणाम होतो, असं तो व्हिडिओवालाही म्हणाला होता. म्हातारबांना माझा टेबलफॅन देईन. तो चालत नाही, पण त्यांचाही चालत नव्हता.

शुक्रवार, १७ मे
आतला कोपरा संपूर्ण रिकामा निघाला. सहज टेपने मोजला. एक कॉट आणि छोटं कपाट आरामात बसेल. वहिनींना बोलता बोलता म्हणालो, की इथे एखादा माणूससुद्धा राहू शकेल. त्या "हं" म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत!

खोलीच्या मालकाला कळवलं, महिनाअखेरची गरज नाही, आधीच सोडतो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

रविवार, १९ मे
आईच्या हाताचं कळल्यावर पुतणी गाडी काढून आली. गॅरेज बघितलं. "काका, हे काय करून ठेवलंत तुम्ही?" मी म्हटलं, आभार कसले, घरचंच काम. ती काहीतरी जोरात बोलायला लागली होती, पण वहिनींनी तिचा हात धरला. त्या भिंतीवरच्या लाल-पिवळ्या मुठींकडे बघत होत्या. परक्याच्या घरात बघावं तशा.

पुतणीने हळूच विचारलं, "आई, आता?"

"आता काय," वहिनी म्हणाल्या. "चल."

मला वाटलं चहाला चल. मी मागोमाग गेलो. चहा नव्हता. दोघी बेडरूममध्ये दार लावून बोलत होत्या.

गुरुवार, २३ मे
पुतणीने धाडलेल्या एक सुतारीणबाई टेम्पो घेऊन आल्या. सगळी हत्यारं बघितली, सगळी घेतली. म्हणाल्या, असं मांडून ठेवलेलं क्वचित मिळतं, एका नजरेत कळलं काय काय आहे. इतक्या दिवसांत माझ्या कामाचं हे पहिलं कौतुक. टेम्पोत चढवायला मीच मदत केली. बादली मात्र त्यांनी नेली नाही.

रविवार, २६ मे
घराचाही सौदा ठरला. घेणाऱ्यांना गॅरेजमध्ये फक्त गाडी लावायची आहे. भिंत साफ हवी म्हणतात. पुतणी म्हणाली, "काका, भोकं तुम्ही पाडलीत, तुम्हीच बुजवा." दिवसभर पुट्टी लावत होतो. आता तिथे कधी काही टांगलं होतं, असं वाटत नाही.

कॉटचा विषय काढणार होतो. वहिनी बॅगा भरत होत्या.

शुक्रवार, ३१ मे
वहिनींना निरोप द्यायला गेलो. मी म्हणालो, गॅरेज टाकून जाताय, वाईट वाटत असेल.

त्या म्हणाल्या, "नाही हो भाऊजी. होतं तसं असतं, तर माझा पाय निघाला नसता इथून. तुम्ही त्यांचं काही शिल्लकच ठेवलं नाहीत. सोपं झालं."

रागावून नाही म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

गाडीची काच खाली करून त्यांनी विचारलं, मी सध्या कुठे राहतो. मी म्हटलं, बघतोय. त्या "बरं" म्हणाल्या. गाडी गेली.

आधीच सोडतो म्हटलेल्या खोलीची किल्ली शेवटी आजच मालकाला द्यायची आहे. सामान बांधायला घेतलं. दोन पिशव्यांत मावलं.