माशाच्या पोटावरचा खळगा

आप्पा, तुमचा शेवटचा लाकडी मासा काल मी पुरा केला. मिरजेच्या दवाखान्यात जाण्याआधी तुम्ही तो रंगवून ठेवला होता, वरचा इपॉक्सीचा थर तेवढा द्यायचा राहिला होता. इतकी वर्षं तो वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात होता आणि मी त्याला हात लावत नव्हते.

पलटणीतून परतल्यावर तुम्ही कृष्णेच्या डोहात मरळीसाठी गळ टाकायचात. आमिष म्हणून गळाला लावायचे मासे घरीच करायचात. पांगाऱ्याचं लाकूड तासायचं, त्यावर खवले रंगवायचे, मग काचेसारखा थर द्यायचा, म्हणजे पाणी आत शिरून रंग सुटत नाही. आणि दर माशाच्या पोटावर खळगा पडायचाच. थर ओला असतानाच त्या जागेवरून मागे सरायचा आणि टिकलीएवढा रंग उघडा राहायचा. तुम्ही धुळीला दोष दिलात, दमट हवेला दिलात, शेवटी आईच्या फोडणीला. एकदा तुम्ही पडवीतून सांगताय, "आज फोडणी टाकू नगं. धूर बसतोय माशावर." आतून आई, "आवं, धूर कसला, तुमची मिशी बसतीय. आदी तिला त्याल लावून पीळ द्यायचा, मग त्याच बोटानं मासा धरायचा." "पलटणीत माज्या मिशीला कुनी नावं ठेवली न्हाईत." "पलटणीत मासं रंगवत हुता व्हय?" त्या दिवशी आपण बिनफोडणीची आमटी खाल्ली. खळगा पडलाच. तुम्ही मासा माझ्यापुढे धरलात, "एक तरी बिनखोड हुईल का गं माज्या हातनं?" मी काय म्हणाले ते आठवत नाही. बहुतेक हसले असेन.

काल इपॉक्सीच्या दोन्ही बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या, सारखं माप घेतलं, बुडबुडे येऊ नयेत म्हणून हळू ढवळलं. फोडणीही टाकली नाही. थर देऊन मासा फिरवत बसले, आणि थोड्या वेळानं पोटावर तो मागे सरू लागला. उजेडाकडे धरला. उघड्या जागेत बारीक रेघा होत्या, अंगठ्याच्या. आईनं चष्मा पुसून पाहिलं. "मिशी," एवढंच म्हणाली आणि खाटेवर बसली.

उपाय साधा. थर ओला आहे तोवर पुसायचा, स्पिरिटच्या बोळ्यानं तेल काढायचं, पुन्हा थर द्यायचा. तसाच ठेवला तर तुमचा अंगठा राहतो, पण मासा पाण्यात टिकत नाही. इपॉक्सी घट्ट होत चाललेलं आणि मी बोळा धरून उभी. "आई, पुसू?" "मला काय इचारतीस? त्यास्नी इचार."

म्हणून हे लिहितेय, आप्पा. पण विचारायच्या आधी मी पुसला. तुमच्यासाठी पुसला असं स्वतःला सांगतेय. खोड दिसली की मला राहवत नाही, हेही खरं. त्यातलं कुठलं जास्त खरं ते ठरवता येत नाही.

आज नवा थर वाळलाय. खळगा कुठेच नाही. आईनं पोटावरून बोट फिरवलं. "लय गुळगुळीत झालाय." मग मासा परत देताना, "त्यांचा वाटत न्हाई."

हा कागद माशाच्या डब्यातच ठेवीन. तिथे तो बोळाही आहे. स्पिरिट उडून गेलंय, त्याला आता कसलाच वास येत नाही, तुमच्या तेलाचाही. मी हुंगून पाहिला.