मधली पानं

४ मार्च

आले एकदाची! प्रवासभर पाठीनं नुसता ठणाणा केला, पण ताईनं दार उघडलं, मला बघून तिचा चेहरा असा काही फुलला की निम्मं दुखणं बाहेरच राहिलं.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. मोठी खिडकी, खाली गल्ली, समोर एक जुनी लायब्ररी. पलंग खास आहे. पायाशी दांडा आहे, तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर उचलली जाते. आधी आई या पलंगावर होती, मग भावजी. दोघंही इथेच गेले. दुसऱ्या कुणाला कसंसं झालं असतं, मला उलट धीर आला. आपल्याच माणसांचा पलंग. गादी मात्र ताईनं नवी घेतलीय. तिचं सगळं आयुष्य औषधांच्या दुकानात पुड्या बांधण्यात गेलं, त्यामुळे उशाशी गोळ्या, पाणी, घंटी, सगळं कसं ओळीत. घंटी वाजवून बघितली, तर बाई पीठ भरल्या हातांनी जिना चढून धावत आली. मग दोघी हसत सुटलो.

उन्हाळाभर इथं राहायचं, पाठ जरा ताळ्यावर आली की घरी, आणि छापखान्यात परत कामाला. तुमची खुर्ची कुठं पळून जात नाही, असं मालक म्हणालेत. लेकीनं फोनवर ताईला सूचनांची माळच लावली. शेवटी म्हणाली, मावशीकडे आहेस म्हणजे मला काळजी नाही.

८ मार्च

छापखान्याच्या जिन्यावरून पडले तेव्हापासून कमरेतली नस दबलीय. कुणी तापलेली सळई कमरेत घालून टाचेतून ओढून काढावी, तसं होतं. शस्त्रक्रियेनं फार फरक पडायचा नाही, याच्याशी जुळवून घ्या, असं डॉक्टर म्हणतात. जणू सूनबाईंशीच जुळवून घ्यायचंय.

पण खरं दुःख कुणाला सांगितलं नाही, ते इथं लिहिते. मला वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, पण पहिली ओळ वाचून दुसरीवर जाते तोवर पहिली पुसलेली असते. जन्मभर प्रुफं तपासली, मोठमोठ्या लेखकांच्या वेलांट्या सरळ केल्या, आणि आता ही गत. आज हौसेनं जाडजूड कादंबरी घेतली. आधी मनगट गेलं, मग पाठ, मग डोकं. चार पात्रं भेटली आणि चौघांचीही नावं विसरले. पुस्तक पोटावर पालथं टाकून रडून घेतलं.

१२ मार्च

ताईच्या खांद्यावर हात ठेवून गल्ली ओलांडली, लायब्ररीत गेले. तिथल्या बाई ठेंगण्याशा, बोलक्या. त्यांच्या वडिलांना संधिवात होता म्हणे, त्यामुळे मला फार सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या हातातली कादंबरी काढूनच घेतली.

"पुस्तक संपवायलाच हवं असं कुठं लिहिलंय?" त्या म्हणाल्या. "आवडेल तेवढं खायचं, बाकीचं ताटात टाकायचं. पुस्तकाला काही वाईट वाटत नाही."

त्यांनी मला हलकी पुस्तकं दिली, वजनानंही आणि मजकुरानंही. टपोरी अक्षरं, छोट्या गोष्टी. शेवट आधी वाचा, म्हणजे पुढे काय होणार याचा भार डोक्यावर राहत नाही, असंही म्हणाल्या. एक पान वाचायचं, मग छताकडे बघायचं. छतही एक प्रकारचं वाचनच आहे म्हणे! किती दिवसांनी मला कुणी चूक न काढता काहीतरी शिकवलं.

१६ मार्च

वाचली! अख्खी गोष्ट वाचली!

एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची जीभ जाते. त्याला चवच कळेनाशी होते. तो कुणाला सांगत नाही, आणि खलाशांचे चेहरे बघून मीठ घालतो. शेवटी एक म्हातारा खलाशी त्याला सांगतो, की आमच्याही जिभा केव्हाच खारवून गेल्यात, आम्ही तुझा चेहरा बघून जेवतो. मी एवढी हसले की सळई विसरले. खरंच विसरले. पान उलटताना लक्षात आलं की मघापासून टाच जळत नाहीये.

घंटी वाजवून ताईला वर बोलावलं. गोष्ट सांगितली, आणि म्हटलं, बघ, अशीच सुधारले तर उन्हाळा संपायच्या आत घरी जाईन. ती उशीचा अभ्रा सारखा करत होती. छान, म्हणाली.

१९ मार्च

विचित्रच झालं. स्वयंपाक्याची गोष्ट परत वाचायला घेतली, तर पुस्तकात ती नाहीच. विधवेची आहे, बैलांच्या व्यापाऱ्याची आहे, ही नाही. अनुक्रमणिका बघावी म्हटलं तर तीही नाही. ताईला विचारलं. जुन्या पुस्तकांना नसते कधीकधी, म्हणाली. मग माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली की गोळीनं माणसाला स्वप्नं पडतात, आईलाही पडायची.

असेल. पण स्वप्नात मी इतकं सुबक लिहू शकते हे माहीत नव्हतं. लेखिकाच व्हायला हवं होतं.

२५ मार्च

पुन्हा तेच. या वेळी दुसरं पुस्तक. दोन बहिणी एका नाटक कंपनीत असतात, अर्धी गोष्ट काल वाचली होती. आज ती सुरूही होत नाही आणि संपतही नाही. ताई म्हणाली, अशी गोष्ट तू मला सांगितलीच नाहीस. मी सांगितली होती. वाटतंय तरी तसं.

डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी सांगितली होती. ताई आता दुपारीही देते. दुखणं बोथट होतं, पण डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं होतं. दोन्ही एकदम मिळत नाही म्हणते ती.

दुपारभर नुसतं छताकडे बघितलं. त्यात वाचण्यासारखं काही नाही.

२ एप्रिल

आज ताई बाजारात गेली आणि दुपारची गोळी द्यायला विसरली. पाठ पेटली होती, पण डोकं स्वच्छ होतं. पुस्तक उघडलं, आणि नजर थेट पानाच्या कोपऱ्यावर गेली.

पानांचे आकडे. अठ्ठेचाळीसनंतर एकसष्ट.

मी, जिनं जन्मभर पानांचे आकडे तपासले, तिनं ते बघितले नव्हते. चूक शोधायला आधी चूक असेल असा संशय यावा लागतो. ताईवर कोण संशय घेतं?

शिवणीत बोट फिरवलं. कापलेल्या पानांच्या कडा लागल्या. सरळ, पट्टी लावून कापल्यासारख्या.

ताई आली तेव्हा तिला दाखवलं. तिनं चष्मा लावून नीट बघितलं. मग पुस्तक बाजूला ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चिमे, तूच कापलीस गं ही."

आणि माझ्या उशीखाली हात घालून तिनं ब्लेड काढलं.

३ एप्रिल

मी कापली? मी का कापेन? पण ब्लेड माझ्या उशीखाली होतं. मला आठवत नाही. तसं मला बरंच आठवत नाही.

दुपारची गोळी घेतली. घेतली हे आठवतंय.

९ एप्रिल

गेले काही दिवस गोळी जिभेखाली धरते, ताई गेली की रुमालात थुंकते. दुखणं असं येतं की दात उशीत रोवावे लागतात. किती वेळा वाटलं, गिळून टाकावी. कापूस परवडला. पण मला कळायला हवं होतं.

आज दुपारी डोळे मिटून पडले, श्वास जड केला. ताई आली. खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसली. मला पापण्यांच्या फटीतून तिची मांडी दिसत होती. मांडीवर पुस्तक, पुस्तकात स्टीलची पट्टी. बोट जिभेला लावून पान उलटायची, चार ओळी वाचायची, गालात हसायची. आवडलेली गोष्ट मिळाली की पट्टी लावायची. सुर्रर्र. सुर्रर्र. आई अंथरुणावर होती तेव्हा गुणगुणायची तेच गुणगुणत होती.

मग तिनं माझी मान अलगद उचलली, ब्लेड उशीखाली सरकवलं, आणि माझ्या कपाळावर ओठ टेकले.

मी हलले नाही. मला हलता आलं नाही.

१० एप्रिल

विचारलं. सरळ विचारलं. वाटलं होतं रडेल, नाही म्हणेल. ती नाही म्हणाली नाही. खिडकीचा पडदा सारखा करत इतक्या साध्या आवाजात बोलली, जशी भाजी काय करू विचारते.

"माणूस बरं झालं की निघून जातं. नाही झालं तरी निघून जातं. मधलं तेवढंच आपलं, चिमे. आई होती मधे किती दिवस. हेही होते. तुला तर कसली घाई लागलीय."

मी विचारलं, आईला पण —? भावजींना —?

ती म्हणाली, सूप गार होतंय.

ही माझी ताई आहे. हिनं माझ्या वेण्या घातल्या. माझ्या पाठीशी उभी राहणारी जगात एकच म्हणून मी इथं —

१२ एप्रिल

लायब्ररीतल्या बाई आल्या. ताईनं बोलावलं होतं. पायऱ्यांवरून त्यांचा आवाज ऐकला आणि वाटलं, सुटले. त्या आत आल्या तेव्हा मी सगळं एका दमात सांगितलं. आकडे, पट्टी, ब्लेड. दमात सांगितलं हेच चुकलं. वेड्यासारखं वाटलं असेल.

त्यांनी पुस्तकं उघडून बघितली. एकेका शिवणीवरून बोट फिरवलं. मेलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवतात तसं. मग माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, तेच वाईट. मोठ्यानं, सावकाश, शब्द तोडून बोलल्या, की काही हरकत नाही हं, आराम करा हं. पुस्तकं पिशवीत भरली. दारात ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, धन्य आहे तुमची.

१३ एप्रिल

लेकीला फोन लावला. ताई आंघोळीला गेली होती. हळू बोलले, नीट बोलले, एकेक मुद्दा. पलीकडे ती रडत होती.

"आई, तू असं म्हणशील हे मावशीनं आधीच सांगितलं होतं गं."

छापखान्यात तिनंच कळवून टाकलंय, की आई आता येणार नाही. मालकांनी खुर्चीवर दुसरीला बसवलं. माझी पुस्तकंही लेकीनं बांधून देऊन टाकली. तुला आता त्रास होतो ना वाचून, म्हणाली. प्रेमानं म्हणाली. सगळे प्रेमानंच —

पोटची पोर. माझी बाजू विचारलीसुद्धा नाही.

१६ एप्रिल

दाराला बाहेरून कडी आहे. फोन जागेवर नाही.

खिडकीतून लायब्ररीतल्या बाई दिसल्या. ओरडले. दोन्ही हात हलवले. त्यांनी वर बघितलं, हसल्या, आणि हात हलवला. लहान मुलाला टाटा करतात तसा.

१८ एप्रिल

गोळी आता तोंड उघडून दाखवावी लागते. जीभ वर कर म्हणते.

थोडं बरं वाटतं. देवा, बरं वाटतं — हेच नको —

२१ एप्रिल

चष्मा नाही. कुठंतरी ठेवला असशील म्हणते. शोधून शोधून दमले. राहू दे गं, मी वाचून दाखवते, म्हणाली, आणि बसली. पुस्तक नव्हतंच हातात. सुटी पानं होती.

जहाजावरचा स्वयंपाकी. अक्षर न् अक्षर तेच. मी खोटी नव्हते, ते स्वप्न नव्हतं. शेवट मात्र तिनं बदलला. म्हातारा खलाशी येतच नाही. स्वयंपाकी जहाजावरच राहतो. किनारा लागतच नाही.

आणि मी ऐकत राहिले. आवाज गोड आहे तिचा. झोप लागली.

२४ एप्रिल

खाली टेम्पो. माणसं घरातलं सामान भरतायत. ताईनं दुसरं घर बघितलंय. गावाबाहेर, बैठं. तुझ्यासाठीच, जिना नको म्हणून. शेजार नाही, शांत आहे म्हणाली. लेकीला पत्ता दिलास का विचारलं. देऊ की, म्हणाली. सावकाश.

दिसत नाही नीट. ओळीवर ओळ पडत असेल. हाताच्या सवयीनं लिहितेय. ही वही गादीखाली ठेवते, गादी मागाहून नेणार आहेत, कुणी उचललीच तर —

पायऱ्या वाजतायत.

ती दारात आहे. हात पुढे केलाय. पेन दे, चिमे, टोक लागेल. हसतेय. नाही देणार — तिची बोटं माझ्या बोटांवर — जोर नाही माझ्यात — कुणाला मिळालं तर माझ्या लेकीला एवढंच सांगा, मी पानं कापली ना